व्हॉयेजरची गणकयंत्रे

मराठी राज्याच्या इतिहासात दरबारी वकील ही एक मोठी संस्था होती. पुणे दरबाराच्या वतीने दिल्लीस हिंगणे घराण्यातील पुरुष राहत. पुण्याहून निघालेला जासूद दिल्लीस पोहोचेपर्यंत बरेच दिवस उलटून जात, आणि पत्र लिहिताना जी परिस्थिती होती ती पत्र वाचले जाईपर्यंत पालटलेली असे. म्हणून वकिलाची रवानगी करताना दोन प्रश्नांचा निकाल आधीच लावून ठेवावा लागे. त्याला आज्ञा किती द्यावयाची आणि मोकळीक किती ठेवावयाची, हा पहिला प्रश्न; आणि आज्ञा यावयाच्या थांबल्या तर त्याने काय करावे, हा दुसरा. वकील शहाणा असला म्हणजे या प्रश्नांची धार बोथट होई. पण वकिलाच्या जागी एखादे यंत्र असेल, आणि पुण्याच्या जागी सारी पृथ्वीच मागे राहिली असेल, तर?

१९७७ साली अमेरिकेने असे दोन वकील रवाना केले. त्यांची नावे व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २. २० ऑगस्टला दुसरे यान निघाले आणि ५ सप्टेंबरला पहिले; पहिले यान जवळच्या वाटेने गुरूकडे आधी पोहोचणार होते, म्हणून नावांचा क्रम असा उलटा. या यानांनी पाठविलेली गुरूच्या वादळांची व शनीच्या कड्यांची चित्रे जगाने पाहिली आहेत. परंतु ती चित्रे घेण्याची, नीट बांधून पृथ्वीकडे धाडण्याची आणि यानाचे तोंड पृथ्वीकडे वळलेले ठेवण्याची कामगिरी ज्यांनी केली, त्या यानांतील लहानशा गणकयंत्रांचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो सांगण्याजोगा आहे. कारण पाच वर्षांच्या बोलीने पाठविलेले हे सेवक अर्धशतकाच्या उंबरठ्यापर्यंत कसे टिकले, याचे उत्तर त्यात सापडते.

या इतिहासाची सुरुवात एका बेताने झाली. तो बेत पुढे सोडून द्यावा लागला. १९६५ साली गॅरी फ्लँड्रो या तरुण अभ्यासकाने कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करताना असे दाखवून दिले की, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चारही ग्रह अशा रीतीने मांडले जातील की एकेका ग्रहाच्या आकर्षणाचा धक्का घेत एकच यान चौघांचीही भेट घेऊ शकेल. असा योग सुमारे पावणेदोनशे वर्षांनी एकदा येतो. नेपच्यूनपर्यंतचा हा प्रवास दहा वर्षांहून अधिक काळाचा. तेवढा काळ यंत्र बिघडल्याशिवाय राहील, ही आशाच करावयास नको होती. तेव्हा बिघडल्यावर आपल्याआपण दुरुस्त होणारे गणकयंत्रच का करू नये, असा विचार पुढे आला.

लिथुआनियात जन्मलेले आल्गिर्दास आविझ्येनिस हे संशोधक याच प्रयोगशाळेत अशा यंत्राच्या मागे लागले होते. त्यांच्या यंत्राचे नाव स्टार, म्हणजे स्वतःची परीक्षा व दुरुस्ती स्वतः करणारे. त्याचा प्रत्येक भाग सुटा आणि बदलण्याजोगा होता. एक भाग चुकू लागला की यंत्रातीलच एक परीक्षक त्याला बंद करी आणि राखीव भाग कामास लावी. परीक्षकावर विश्वास कोणी ठेवावयाचा? म्हणून परीक्षकाच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती ठेवून बहुमताने निर्णय घेण्याची योजना होती. यंत्र प्रयोगशाळेत उभे राहिले आणि चाललेही. परंतु चार ग्रहांच्या त्या महाप्रवासाचा खर्च सरकारला पेलवेना, आणि १९७२ च्या आरंभी तो बेत मागे घेण्यात आला. स्टार अवकाशात कधीच गेले नाही.

त्याऐवजी मंजुरी मिळाली ती केवळ गुरू आणि शनी यांच्या भेटीस. पैसा बेताचा, म्हणून सामानही घरात होते तेच वापरावयाचे ठरले. मंगळाभोवती फिरण्यासाठी व्हायकिंग नावाची याने तयार होत होती. त्यांच्यासाठी आखलेले गणकयंत्रच व्हॉयेजरला देण्यात आले. प्रत्येक व्हॉयेजरवर तीन प्रकारची गणकयंत्रे आहेत आणि प्रत्येक प्रकाराची जोडी आहे, म्हणजे एकूण सहा. पहिली जोडी आज्ञा स्वीकारते आणि वेळापत्रकाप्रमाणे इतरांकडून काम करून घेते. दुसरी जोडी यानाचा तोल सांभाळते. तिची स्मृतीही पहिलीसारखीच. तिसरी जोडी उपकरणांकडून येणारी माहिती गोळा करून, तिचे नीट पुडके बांधून पृथ्वीकडे रवाना करते. ही तिसरी जोडी मात्र व्हॉयेजरसाठी नव्याने करावी लागली, कारण गुरूपाशी सेकंदाला एक लाख पंधरा हजारांवर बिट, म्हणजे एक किंवा शून्य अशा खुणा, पाठवावयाच्या होत्या आणि जुन्या स्मृतीला तो वेग झेपणारा नव्हता.

या नव्या जोडीच्या स्मृतीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दोन जोड्यांची स्मृती चुंबकीय मुलामा दिलेल्या बारीक तारांची होती. वीज गेली तरी तीत लिहिलेले पुसले जात नसे. नवी स्मृती वेगवान होती, पण विजेवाचून क्षणभरही टिकणारी नव्हती. अवकाशयानात अशी स्मृती तोवर कोणी वापरली नव्हती. यंत्रज्ञांनी त्यावर साधा तोडगा काढला. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या यानाच्या वीजसाधनापासून थेट या स्मृतीपर्यंत एक स्वतंत्र तार ओढली. ती वीजच बंद पडली तर यानच संपले. मग स्मृती राहिली काय आणि गेली काय!

सहाही गणकयंत्रांची स्मृती एकत्र केली तरी ती साडेपाच लाख बिटांच्या आसपास भरते. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्याच्या एकाच चित्राला एक्कावन्न लाख वीस हजार बिट लागतात. म्हणजे यानाची सारी बुद्धी एकवटली तरी तीत त्यानेच घेतलेल्या चित्राचा जेमतेम नववा हिस्सा मावेल. आज खिशात मावणाऱ्या टेलिफोनपुढे ही स्मृती समुद्रापुढच्या ओंजळीसारखी आहे. पण या ओंजळीत एक गुण ठेवलेला होता: पृथ्वीवरून संदेश पाठवून तिच्यात लिहिलेले पुसता येत होते आणि नवे लिहिता येत होते. तेव्हा तो सोयीचा एक भाग वाटला असेल. पुढे यानांचा जीव त्याच गुणावर तगला.

दुसऱ्या प्रश्नाची, आज्ञा यावयाच्या थांबल्या तर काय, याची परीक्षा मात्र वर्षभरातच झाली. आज्ञा स्वीकारणाऱ्या गणकयंत्रात एक घड्याळ ठेवले होते. ठरावीक मुदतीत पृथ्वीकडून एकही आज्ञा आली नाही, तर आपला कान बिघडला असे समजावे आणि राखीव कान लावावा, अशी त्याला सूचना होती. १९७८ च्या एप्रिलमध्ये व्हॉयेजर २ कडे मुदतीत आज्ञा पाठवावयाचेच राहून गेले. ५ एप्रिलला घड्याळाची मुदत संपली आणि यानाने आज्ञेबरहुकूम मुख्य संदेशग्राहक सोडून राखीव संदेशग्राहक जोडला. चूक माणसांची होती. यंत्राने आपले कर्तव्य केले होते. पण या निमित्ताने एक वाईट गोष्ट कळली. राखीव ग्राहकातील एक भाग मेलेला होता. पृथ्वी आणि यान यांच्या गतीमुळे संदेशाची लहर किंचित वरखाली सरकते. चांगला ग्राहक तिच्या मागोमाग सरकतो. हा ग्राहक सरकेना. जुन्या रेडिओची सुई गंजून एकाच खुणेवर बसावी, तशी त्याची गत झाली होती. काही तासांनी यान पुन्हा मुख्य ग्राहकाकडे वळले; सर्वांना हायसे वाटले; आणि अर्ध्या तासाच्या आतबाहेर तो मुख्य ग्राहक कायमचा बंद पडला.

आता यान ठार बहिरे झाले. करण्यासारखे काहीच नव्हते. घड्याळाची मुदत पुन्हा संपण्याची वाट पाहावयाची. सात दिवस गेले. १३ एप्रिलला यानाने आपल्याआपण राखीव कान पुन्हा लावला. तो कान एकाच सुरावर अडलेला होता, तेव्हा पृथ्वीवरच्या मंडळींनी आपलाच सूर त्याच्याशी जुळवून घेतला. यानाची गती, पृथ्वीचे भ्रमण, ग्राहकाच्या तपमानातील फरक, या सर्वांचा हिशेब करून, संदेश तेथे पोहोचेल तेव्हा त्याची लहर बरोबर त्या अडलेल्या खुणेवर असेल अशा बेताने तो पाठवावयाचा. व्हॉयेजर २ ला त्यानंतर दिलेली प्रत्येक आज्ञा अशाच हिशेबाने दिली गेली. उद्या हाही कान गेला तर काय, म्हणून यानाच्या स्मृतीत एक लहानसे मुखत्यारपत्रही लिहून ठेवण्यात आले: पृथ्वीकडून एक शब्दही आला नाही तरी पुढची भेट स्वतःच्या हिमतीवर उरकून घ्यावी.

१९७९ साली गुरूची आणि १९८० व १९८१ साली शनीची भेट पार पडली. मंजूर झालेले काम संपले. परंतु व्हॉयेजर २ चा मार्ग असा राखलेला होता की युरेनसकडे जाता यावे. सोडून दिलेला तो जुना बेत असा मागच्या दाराने घरात आला. मात्र युरेनस सूर्यापासून शनीच्या दुप्पट अंतरावर. तेथून येणारा आवाज क्षीण, आणि माहिती पाठविण्याचा वेग गुरूपाशी होता त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. यान तर तीनशे कोटी किलोमीटरच्या टापूत. त्यात नवे यंत्र बसविणे शक्य नव्हते. शक्य होते ते एवढेच, की त्याला नवी विद्या शिकवावी.

ती विद्या अशी होती. पूर्वी चित्राच्या प्रत्येक बिंदूची उजळी आठ बिटांत लिहून पाठवीत. परंतु शेजारच्या दोन बिंदूंत सहसा फार फरक नसतो. तेव्हा प्रत्येक बिंदूची पूर्ण किंमत पाठविण्याऐवजी आधीच्या बिंदूपासूनचा फरक तेवढा पाठवावा, असे ठरले. दुकानदार रोजच्या खात्यात सारी जिंदगी मांडत नाही, कालपासूनचा जमाखर्च तेवढा लिहितो, तसे हे होते. त्यामुळे चित्राचे ओझे निम्म्याहून खाली आले. हे गणित करावयाचे कोणी? माहितीचे पुडके बांधणाऱ्या जोडीतील दुसरे यंत्र राखीव म्हणून स्वस्थ बसलेले होते. त्याला या कामास जुंपण्यात आले. याचा अर्थ पहिले बिघडले तर त्याची जागा घेणारे कोणी उरले नाही. तो धोका जाणून पत्करला गेला. याखेरीज संदेशातील चुका ओळखण्यासाठी पूर्वी जेवढी माहिती तेवढ्याच ताळ्याच्या खुणा सोबत पाठवाव्या लागत. त्याऐवजी नवी पद्धत वापरून ते ओझे सुमारे पाचव्या हिश्श्यावर आणले गेले.

१९८६ च्या जानेवारीत, युरेनस अवघ्या सहा दिवसांवर असताना, येणाऱ्या चित्रांत काळ्यापांढऱ्या रेघांचे पट्टे दिसू लागले. यानाच्या स्मृतीची संपूर्ण नक्कल मागविण्यात आली आणि मूळ प्रतीशी ताडून पाहण्यात आली. एका ठिकाणी शून्याचा एक झाला होता. स्मृतीतील तेवढी जागा नादुरुस्त होती. तिला वगळून जाणारी नवी आज्ञावली लिहून धाडली गेली आणि भेटीच्या चार दिवस आधी चित्रे स्वच्छ झाली. २४ जानेवारीला युरेनसची आणि १९८९ च्या २५ ऑगस्टला नेपच्यूनची भेट झाली. युरेनस आणि नेपच्यून यांना त्याआधी कोणत्याही यानाने भेट दिलेली नव्हती.

नेपच्यूननंतर थोड्याच काळात चित्रे संपली. जगाचे लक्ष उडाले. राहिले ते सूर्याच्या वाऱ्याचे राज्य कोठे संपते हे पाहण्याचे चिकाटीचे काम. व्हॉयेजर १ ने ती सीमा २०१२ च्या ऑगस्टमध्ये ओलांडली, व्हॉयेजर २ ने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये. या लांबलेल्या काळात अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. यंत्रे टिकून होती, पण त्यांना जाणणारी माणसे निवृत्त होत गेली, काही निवर्तली. एडवर्ड स्टोन यांनी १९७२ पासून २०२२ पर्यंत, पन्नास वर्षे, या मोहिमेच्या शास्त्रीय बाजूचे नेतृत्व केले. असे भाग्य मोहिमांना क्वचितच लाभते. २०२४ च्या जूनमध्ये तेही गेले. दप्तर सांभाळणाऱ्या कोणालाही ही अडचण परकी वाटणार नाही. हुकूम फायलीत असतो. पण तो तसाच का काढला गेला, हे पुष्कळदा काढणाऱ्याच्याच डोक्यात राहते, आणि तो गेला की सोबत जाते.

२०१७ साली व्हॉयेजर १ चे तोंड वळविणारी लहान अग्निनळकांडी थकू लागली. १९८० च्या नोव्हेंबरनंतर कधीच न वापरलेली दुसरी नळकांडी यानावर होती. ती पेटवावयाची तर मूळ आज्ञावली काय म्हणते हे पाहणे भाग होते. यंत्रज्ञांनी कित्येक दशकांपूर्वीचे कागद बाहेर काढले, अस्तंगत झालेल्या यंत्रभाषेतील आज्ञा ओळीने वाचल्या, आणि २८ नोव्हेंबरला सदतीस वर्षे न वापरलेली ती नळकांडी पेटविली. ती पेटली. जेवढे श्रेय नळकांड्यांना, तेवढेच कागद जपून ठेवणाऱ्यांना द्यावयास हवे.

सर्वांत कठीण प्रसंग १४ नोव्हेंबर २०२३ रोजी आला. व्हॉयेजर १ चा आवाज येत होता, पण त्यात अर्थ नव्हता. एक आणि शून्य यांची तीच ती माळ पुनःपुन्हा येत राहिली. भ्रम झालेल्या माणसाने एकच शब्द घोकत बसावे तशी. दोष माहितीचे पुडके बांधणाऱ्या गणकयंत्रात होता, आणि या यानावरील त्याचा जोडीदार शनीच्या भेटीनंतर थोड्याच काळात निकामी झाला होता. यंत्र बंद करून चालू करण्याचा प्रयत्न फुकट गेला. प्रश्न विचारावयाचा आणि उत्तरासाठी जवळजवळ दोन दिवस थांबावयाचे, कारण संदेशाला जाण्यास साडेबावीस तास आणि येण्यास तितकेच. आणि उत्तर आले तरी ते असंबद्ध.

१ मार्च २०२४ रोजी यंत्राला एक वेगळी टोचणी देण्यात आली. ३ मार्चला आलेल्या उत्तराची चाल निराळी होती. दूरसंदेश केंद्राच्या एका यंत्रज्ञाने ते उलगडले, तेव्हा त्यात त्या गणकयंत्राची सारी स्मृती अक्षरशः ओतलेली आढळली. ती जुन्या प्रतीशी ताडून पाहता दोष सापडला. ८,१९२ शब्दांच्या त्या स्मृतीतील २५६ शब्द, म्हणजे सुमारे शेकडा तीन भाग, साठविणारी एक चकती निकामी झाली होती.

ती बदलणे अशक्य. आणि तिच्यावर लिहिलेली आज्ञावली सलगपणे मावेल एवढी मोकळी जागा उरलेल्या स्मृतीत कोठेच नव्हती. तेव्हा आज्ञावलीचे तुकडे करण्यात आले. भरल्या घरात पाहुणे आले म्हणजे कोणी माजघरात, कोणी पडवीत, कोणी माळ्यावर निजवतात, तसे ते तुकडे जागा मिळेल तेथे बसविले. पण तुकडे एकमेकांना सापडले पाहिजेत. आणि स्मृतीत इतरत्र जेथे जेथे त्यांचा जुना पत्ता लिहिलेला होता, तेथे तेथे नवा लिहिला पाहिजे. एक पत्ता चुकला तर सारे फसणार. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला तुकडा धाडला. २० एप्रिलला, चोवीसशे कोटी किलोमीटरवरून, पाच महिन्यांनंतर प्रथमच यानाच्या प्रकृतीची सुसंगत वार्ता आली. जूनच्या मध्यापर्यंत त्याची चारही चालू उपकरणे पुन्हा माहिती देऊ लागली.

या इतिहासात मागे वळून पाहिले म्हणजे स्टार या न उडालेल्या यंत्राची आठवण होते. स्वतःची दुरुस्ती स्वतः करणारे ते बुद्धिमान यंत्र महाग म्हणून मागे राहिले आणि साधे, उसने, तुटपुंज्या स्मृतीचे यंत्र गेले. जे गेले त्यात चुका झाल्याच. पण त्याच्या कर्त्यांनी आपल्यामागून येणाऱ्यांना त्यात लिहावयाला जागा ठेवली होती. आविझ्येनिस यांनी यंत्रात बसवू पाहिलेला तो परीक्षक अखेर पॅसाडीना येथील मेजांभोवती बसला. त्याचे सभासद पिढीगणिक बदलले, काही तर यान सुटले तेव्हा जन्मलेही नव्हते.

दोन्ही व्हॉयेजरांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडीही आहे. तीत मराठीतून उच्चारलेला एक नमस्कार आहे, आणि गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ सुटल्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. ती तबकडी कोट्यवधी वर्षे तशीच राहील. तिच्यातील एक स्वर कोणाला बदलता यावयाचा नाही, आणि बदलूही नये. गणकयंत्रांचे भाग्य याच्या उलट आहे. निघताना ४७० वॉट असलेली यानांची वीज दरवर्षी सुमारे चार वॉटांनी घटत गेली. उपकरणे एकेक करून विझवावी लागली, २०२५ च्या आरंभी दोन्ही यानांवरचे आणखी एकेक. विजेवरच जिची स्मृती टिकते त्या जोडीत जे काही लिहिले, पुसले आणि पुन्हा लिहिले, ते सारे एका दिवशी कोरे होईल. तोवर मात्र पृथ्वीवर कोणीतरी जुने कागद उघडून बसलेले असेल आणि त्या दूरच्या वकिलाला पाठवावयाच्या पत्राचा मसुदा शब्दन् शब्द तपासत असेल.